ज्याची नक्कल, तोही हसला पाहिजे

बासी ईदचा दिवस होता. आमच्या घरी सगळं गोत जमलं होतं. शिरखुर्म्याची दुसरी फेरी झाली, मोठी माणसं दिवाणखान्यात टेकली आणि कुणीतरी नववीतल्या आमच्या पुतण्याला म्हणालं, "अरे, ते सदरसाहेबांचं करून दाखव ना!" पोरगा तयारच होता. मशिदीच्या कमिटीचे सदर एलान कसा करतात, बाजारातली मासेवाली मावशी गिऱ्हाइकाला कशी झाडते, शाळेतले गणिताचे सर खडू कसा फेकतात हे सगळं त्याने हुबेहूब उभं केलं. हसून हसून आमच्या डोळ्यांत पाणी आलं.

मग त्याने शेजारच्या चाचांची नक्कल केली. दोन वर्षांपूर्वी त्यांना पक्षाघात झाला. तेव्हापासून ते एक पाय ओढत चालतात आणि बोलताना अडखळतात. पोराने ते अडखळणंही हुबेहूब केलं. आम्ही हसलो. होय, आम्हीही हसलो.

कोपऱ्यात तस्बीह घेऊन बसलेल्या अम्मी मात्र हसल्या नाहीत. त्या एवढंच म्हणाल्या, "ते आत्ता इथं बसले असते, तर हसले असते का रे?"

घर गप्प झालं. पोराचा चेहरा उतरला. त्याच्या अब्बांनी लगेच फर्मान काढलं, "बस झालं! हे भांडांचं काम आहे. शरीफ घरात चालायचं नाही. पुन्हा नक्कल केलीस तर याद राख."

त्या रात्री आम्ही बराच वेळ विचार करत राहिलो. अम्मींनी आणि आमच्या भावाने एकच गोष्ट सांगितली असं सगळ्यांना वाटलं. आम्हाला तसं वाटलं नाही. भावाने दार बंद केलं. अम्मींनी दार उघडं ठेवून उंबरठा दाखवला. आणि आम्हाला आठवले मरहूम मोईन अख्तर, ज्यांनी नकलांपासून सुरुवात केली आणि पुढे राष्ट्रप्रमुखांच्या सभेत माइक हाती घेतला.

व्हीसीआरवरचा पाहुणा

चाळिशी ओलांडलेल्या वाचकांना हे नाव नवीन नाही. आखातातून सुट्टीवर येणारा मामा किंवा चाचा व्हीसीआर घेऊन यायचा आणि सोबत कॅसेटी. कोकणातल्या खाडीकाठच्या गावांत एका घरी व्हीसीआर आला की अख्खा मोहल्ला त्या घरी. त्या कॅसेटींमध्ये कराचीच्या रंगमंचावरचं 'बकरा किस्तों पे' हमखास असायचं. उमर शरीफ आणि मोईन अख्तर यांचं हे नाटक १९८९ चं. हप्त्यांवर बकरा घेण्याची कल्पनाच अशी की, बकरी ईदच्या आधी घरोघरी होणारा हिशेब ज्याने पाहिला आहे, त्याला नावावरूनच हसू यावं.

त्या नाटकात उमर शरीफ सुसाट सुटायचे, एका वाक्यावर दुसरं, दुसऱ्यावर तिसरं. मोईन अख्तर त्यांच्यासमोर शांत उभे राहायचे. चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही. मग संधी साधून एकच शब्द टाकायचे आणि सभागृह कोसळायचं. लहानपणी आम्हाला उमर शरीफ जास्त आवडायचे. वय वाढलं तसं कळत गेलं की समोरच्याचं पूर्ण ऐकून घेणारा तो दुसरा माणूसही तितकाच अवघड काम करत होता.

कराचीचे कान

मोईन अख्तर यांचा जन्म २४ डिसेंबर १९५० चा, कराचीतला. हे शहर आपल्याला परकं वाटलं तरी फार परकं नाही. १९३६ पर्यंत सिंध हा मुंबई इलाख्याचाच भाग होता. फाळणीनंतर कराचीत लाखो माणसं येऊन वसली. उत्तर प्रदेशची उर्दू, हैदराबादची दखनी, काठियावाडची गुजराती, मेमणांची मेमणी, मूळची सिंधी आणि बलुची, उत्तरेकडून आलेली पश्तो आणि पंजाबी. कोकणी मुसलमानांचीही तिथे वस्ती आहे. एकाच बसमध्ये सात-आठ बोल्या ऐकू याव्यात, असं ते शहर.

अशा शहरात वाढणाऱ्या मुलाचे कान उघडे असतील तर त्याला दुसऱ्या शाळेची गरज नाही. मोईन अख्तर यांचे कान उघडे होते. उर्दू आणि इंग्रजीबरोबरच सिंधी, पंजाबी, पश्तो, गुजराती, मेमणी, बंगाली या भाषा ते सहज बोलू शकत. लकब उचलणं सोपं असतं. गल्लीतलं कुठलंही चुणचुणीत पोर ते करतं. पण एखाद्या भाषेत माणूस कुठे थांबतो, कुठे आवाज चढवतो, लाज वाटली की कोणता शब्द गिळतो, हे कळायला त्या माणसाजवळ बसावं लागतं, त्याला ऐकावं लागतं.

६ सप्टेंबर १९६६ रोजी संरक्षण दिनाच्या निमित्ताने झालेल्या एका विविध कार्यक्रमातून हा मुलगा लोकांसमोर आला. वय पुरतं सोळाही नव्हतं. पाकिस्तानात दूरचित्रवाणी सुरू होऊन तेव्हा दोनच वर्षं होत होती. म्हणजे हा कलावंत आणि ते माध्यम जवळजवळ बरोबरच मोठे झाले. नक्कल करणारा पोरगा म्हणून लोकांनी त्याला ओळखलं, टाळ्या दिल्या.

इथेच अनेक नकलाकारांचा प्रवास संपतो. उसन्या आवाजांवर दहा-पंधरा वर्षं निघतात, मग लोक कंटाळतात. मोईन अख्तर यांचं मोठेपण असं की त्यांनी उसने आवाज बाजूला ठेवून स्वतःच्या आवाजात बोलायचं धाडस केलं. ते निवेदक झाले.

माइक हाती घेण्याचा अदब

निवेदन हे काम आपल्या घरांना अनोळखी नाही. भिवंडीत किंवा मालेगावात रात्र रात्र चालणारे मुशायरे ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना नाझिम म्हणजे काय हे सांगायला नको. शायर कितीही मोठा असो, त्याला कोणत्या क्षणी बोलवायचं, त्याची ओळख किती शब्दांत करून द्यायची, एखाद्या नवख्याला दाद मिळाली नाही तर त्याची लाज कशी राखायची, हे सगळं नाझिमच्या हाती. रेडिओवर हेच काम मुंबईच्या अमीन सयानींनी केलं. १९५२ च्या डिसेंबरात रेडिओ सिलोनवरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली आणि श्रोत्यांशी घरच्यासारखं बोलणारा निवेदक काय असतो, हे साऱ्या देशाला कळलं.

मोईन अख्तर याच परंपरेतले, फक्त त्यांच्या हाती विनोदाचं हत्यार अधिक होतं. हे हत्यार दुधारी असतं. सूत्रसंचालन करणारा विनोदी असला की त्याला मोह होतो, पाहुण्यापेक्षा आपणच जास्त हशा घ्यावा. सभागृहात हशा होतो, पण पाहुणा मान खाली घालून उतरतो. आपल्याकडच्या लग्नांत आणि शाळांच्या गॅदरिंगमध्ये हे किती वेळा पाहतो आपण!

मोईन अख्तर यांनी पन्नासएक वर्षांपूर्वीच्या कराचीच्या रंगमंचापासून पाकिस्तान टीव्हीच्या मोठमोठ्या सोहळ्यांपर्यंत सूत्रसंचालन केलं. जॉर्डनचे राजे हुसेन यांच्यासमोर ते उभे राहिले, स्वतःच्या देशाच्या एकापाठोपाठ एक राज्यकर्त्यांसमोर उभे राहिले. पेशावरमध्ये जन्मलेले, नाशिकजवळच्या देवळालीत बालपण घालवलेले आणि मुंबईचे झालेले आपले दिलीपकुमार तिकडे गेले, तेव्हा त्यांच्या सन्मानाच्या समारंभातही माइक मोईन अख्तर यांच्याच हाती होता. ज्या माणसाला बघायला अख्खं सभागृह आलं आहे, त्याच्या आणि प्रेक्षकांच्या मध्ये आपण फार वेळ उभं राहायचं नसतं, हे ओळखणं हीच तिथली परीक्षा.

पुढे लेखक अन्वर मकसूद यांच्याबरोबर त्यांची जोडी जमली. अन्वर मकसूद हे मूळचे हैदराबाद दक्खनचे, नाटककार फातिमा सुरय्या बजिया यांचे धाकटे भाऊ. शब्द अन्वरसाहेबांचे आणि ते उच्चारायची रीत मोईनसाहेबांची. 'स्टुडिओ ढाई', मग 'स्टुडिओ पौने तीन', 'यस सर नो सर' हे कार्यक्रम घराघरांत पोहोचले. काळ सोपा नव्हता. जनरल झियांच्या राजवटीत टीव्हीवर काय बोलावं, काय बोलू नये याची कडक कात्री होती. अशा वेळी विनोद थेट बोलत नाही, डोळ्याने बोलतो. अर्थ प्रेक्षकाच्या मनात पूर्ण होतो आणि कात्रीवाल्याच्या हाती काही लागत नाही. यासाठी भाषा स्वच्छ लागते. शिवी दिली की कात्रीवाल्याचं काम सोपं होतं. सभ्य शब्दात बोललं की त्याचीच पंचाईत होते.

आपल्याकडे २००० साली अमिताभ बच्चन यांनी 'कौन बनेगा करोडपती' सुरू केलं, हे सर्वांना आठवतं. त्याच खेळाची पाकिस्तानी आवृत्ती आली तेव्हा समोरच्या खुर्चीत मोईन अख्तर होते. दोन्ही देशांत हे काम नटाकडे जावं यात नवल नाही. घामाघूम झालेल्या सामान्य माणसाला त्या खुर्चीत सावरून घ्यायचं, तर माणसं वाचता आली पाहिजेत.

साडीतला पुरुष, आणि तरीही अदब

मोईन अख्तर यांची सर्वांत गाजलेली भूमिका म्हणजे 'रोझी'. डस्टिन हॉफमन यांच्या 'टूटसी' या १९८२ च्या चित्रपटावर ती बेतलेली होती. हारून नावाचा कलावंत काम मिळवण्यासाठी बाई होऊन वावरतो, अशी ती गोष्ट. पुरुषाने बायकी वेश घेणं हा विनोदातला सर्वांत जुना आणि सर्वांत घसरडा रस्ता. मराठीत १९८८ च्या 'अशी ही बनवाबनवी'मध्ये ही गंमत आपण मनसोक्त अनुभवली आहे. पण त्यानंतर अनेक नाटकांत आणि टीव्हीच्या कार्यक्रमांत साडी नेसलेला पुरुष म्हणजे फक्त अचकटविचकट हावभाव, असंच पाहायला मिळालं.

मोईन अख्तर यांनी रोझीला अशी खुळी केली नाही. तिची चाल, तिचं बसणं, तिचा राग सगळं एका बाईचं होतं, बाईची टिंगल नव्हती. काम करायला बाहेर पडलेल्या बाईकडे पुरुष कसे पाहतात, कसे बोलतात, कशी सलगी करू बघतात, हे रोझीच्या निमित्ताने प्रेक्षकांना दिसलं. हसू यायचं ते त्या पुरुषांचं. आपल्या घरांतल्या किती मुली आज बँकेत, दवाखान्यात, शाळेत, आयटी कंपनीत जातात! त्यांच्यासोबत बसून बघावं आणि घरातल्या मुलग्यांनी मान खाली घालावी, असं हे काम आहे.

लूज टॉक : निवेदक पाहुणा झाला

२००५ साली एआरवाय वाहिनीवर 'लूज टॉक' सुरू झालं. आता फिरवाफिरव झाली. अन्वर मकसूद मुलाखतकार, आणि आयुष्यभर दुसऱ्यांना प्रश्न विचारणारे मोईन अख्तर समोरच्या खुर्चीत पाहुणे. प्रत्येक भागात नवा माणूस. कधी शायर, कधी पुढारी, कधी खेळाडू, कधी रस्त्यावरचा कुणी. चारशेहून अधिक भाग झाले. देखावा नाही, नाचगाणी नाहीत. दोन माणसं समोरासमोर बसून बोलताहेत, बस्स.

चारशे माणसं पोटात साठवायची तर आयुष्यभर किती माणसं पाहिली असतील! निवेदक म्हणून ज्यांना ज्यांना बोलतं केलं, ते सगळे बहुधा इथे कामी आले. पहिल्या उमेदीतला नकलाकार आणि प्रौढपणीचा निवेदक, दोघे या खुर्चीत एकत्र बसले. यूट्यूबवर हे भाग आजही पाहिले जातात, सीमेच्या इकडेही.

सगळंच निर्दोष होतं असं आम्ही म्हणणार नाही. बोलीवरून केलेला विनोद ती बोली बोलणाऱ्याला कधी कधी टोचतो, आणि त्या चारशे भागांतही असे क्षण आहेत. पण बहुतेक वेळा चिमटा कुणाला बसतो ते पाहा. खोटं बोलणारा पुढारी, न वाचता बोलणारा विद्वान, फुशारकी मारणारा पैसेवाला. दुबळ्याच्या दुबळेपणावर हसण्यापेक्षा बलवानाच्या सोंगावर हसण्याकडे या जोडीचा कल होता.

१९९६ मध्ये पाकिस्तान सरकारने त्यांना प्राइड ऑफ परफॉर्मन्स हा सन्मान दिला, पुढे सितारा-ए-इम्तियाजही मिळाला. २२ एप्रिल २०११, जुम्म्याचा दिवस. कराचीत हृदयविकाराच्या झटक्याने त्यांचा इंतकाल झाला. वय साठ. इन्ना लिल्लाहि व इन्ना इलैहि राजिऊन.

हसणं आणि हिणवणं

आमच्या भावासारखे पुष्कळ सज्जन लोक समजतात की दीनदार घरात हसण्याला जागा नाही. त्यांना आम्ही अदबीने एक आठवण करून देऊ. एका माणसाने प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याकडे स्वारीसाठी उंट मागितला. प्रेषितांनी सांगितलं की तुला उंटिणीचं पिल्लू देतो. तो बिचारा गोंधळला, पिल्लावर बसणार कसं? तेव्हा त्यांनी समजावलं की प्रत्येक उंट हा कुठल्या ना कुठल्या उंटिणीचं पिल्लूच असतो की! हदीसमधली ही गोष्ट आपल्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. यात खोटं एक अक्षर नाही, कुणाचा अपमान नाही, आणि ज्याची थट्टा झाली तोही हसत आणि उंट घेऊनच घरी जातो.

आणि दुसऱ्या बाजूला सूरह हुजुरातची ताकीदही आपल्याला माहीत आहे. एका समूहाने दुसऱ्याची टर उडवू नये, बायकांनी दुसऱ्या बायकांची उडवू नये, वाईट नावांनी कुणाला हाक मारू नये. या दोन्ही गोष्टी एकत्र ठेवल्या की अम्मींचा प्रश्न आपोआप समोर येतो. तो माणूस इथं बसला असता, तर हसला असता का?

हा प्रश्न आज जास्त गरजेचा आहे, कारण आता दिवाणखान्याला भिंती राहिल्या नाहीत. आमच्या पुतण्याने ती नक्कल मोबाइलवर घेऊन पुढे पाठवली असती, तर संध्याकाळपर्यंत ती चाचांच्या नातवाच्या मोबाइलवर पोहोचली असती. ज्यांच्याबद्दल बोलतो ते 'इथं बसलेले' नसतात, ही सोयच आता संपली आहे.

म्हणून वाचक बंधु-भगिनींनो, घरात असं एखादं पोर असेल तर त्याचं तोंड बंद करू नका. सूक्ष्म ऐकणं आणि बारीक पाहणं ही अल्लाहची देणगी आहे. त्यातून उद्याचा वकील होईल, शिक्षक होईल, रेडिओवरचा निवेदक होईल. त्याला शाळेच्या कार्यक्रमात माइक मिळवून द्या. दुसऱ्याची ओळख चार वाक्यांत आणि नाव नीट उच्चारून करून द्यायला शिकवा. आणि ज्याची नक्कल करायची, त्याच्याजवळ आधी तासभर बसायला लावा.

आम्ही तेच केलं. ईदनंतरच्या रविवारी पुतण्याला घेऊन शेजारच्या चाचांकडे गेलो. माफी मागायची होती, पण काय मागायची हे त्यांना माहीतच नव्हतं, तेव्हा नुसते बसलो. चाचा तरुणपणी मुंबई गोदीत कामाला होते. अडखळत, थांबत त्यांनी एका इंग्रज कप्तानाचा आणि त्यांच्या मुकादमाचा किस्सा सांगायला घेतला. दोघांचे आवाज काढून सांगितला! एकेक शब्द यायला वेळ लागत होता, पण मुकादमाचा तोरा असा काही उतरला की आमचा पुतण्या पोट धरून हसला. चाचाही हसले.

घरी येताना पोरगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "चाचू, ते माझ्यापेक्षा भारी करतात."

त्याच्या अब्बांना आम्ही अजून हे सांगितलेलं नाही. पण रात्री जेवणानंतर टीव्हीवर 'लूज टॉक'चा एक भाग लावला, तेव्हा मागच्या खुर्चीतून हसण्याचा आवाज आला. वळून पाहिलं, तर आमचे भाऊच होते.